धप्पा

रजा मिळत नाही, असं फोनवर सांगितलं
तेव्हा मी रॉटरडॅमच्या विमानतळावर
तपासणीच्या रांगेत बुटांच्या नाड्या सोडत होते.
"गडबड दिसते गोदीत," आई म्हणाली.
हो ना, म्हटलं, कंटेनर उतरतायत.

त्रीनने सकाळी नाश्त्याचा फोटो टाकला,
खाली एवढंच: दहाची बस, वरचा मजला.
पोर्तोत समुद्रपक्षी कौलांवर भांडत होते.
मी एक थांबा आधीच चढले,
शेवटच्या रांगेत बसले
टोपी भुवयांपर्यंत ओढून.

आली तिघं.
बाबा, नकाशा उघडला की पुन्हा घडी न जमणारे.
त्रीन. आणि मध्ये आई,
जिन्यावर दोघांनी दोन्हीकडून धरलेली.
मला वाटलं, गुडघे.

कानातल्या यंत्रात अकरा भाषा, आमची नाही.
बाबांनी फिनिश लावली,
टाल्लिनच्या छपरावर अँटेना वळवून
तरुणपणी चोरून शिकलेली.
यंत्र एक थांबा मागे चालत होतं,
चर्च गेल्यावर चर्च, नदी आल्यावर स्टेशन.
आईने ते काढून मांडीवर ठेवलं.
"तूच सांग गं," ती त्रीनला म्हणाली.

आणि त्रीन सांगू लागली.
डावीकडे भिंत आहे, निळ्या फरश्यांची.
किती निळी?
आपल्या दुधाच्या किटलीएवढी.
वर कपडे वाळतायत.
कुणाचे?
एका जाड्या माणसाचे, आणि एका बाळाचे.
आई हसली.
तोंड तिचं उजवीकडे होतं.

विमानभर घोकलेलं वाक्य
जिभेवर तसंच धरून मी बसले होते.
केव्हापासून?
दर रविवारी ती पडद्यातून माझ्याकडे बघायची,
केस छान कापलेस म्हणायची.
दर रविवारी.
केस मी तीन वर्षांत कापलेले नाहीत.

नदीपाशी बस थांबली.
मी उठले, पुढे गेले, टोपी काढली,
त्यांच्या समोर उभी राहिले.
त्रीनच्या हातून बाटली सुटली, गडगडत गेली.
बाबांनी नकाशात तोंड घातलं, तोही उलटा.
आईने चेहरा वर केला,
परक्यांसाठीचं ठेवणीतलं हसू काढलं
आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं,
ही तुमची जागा का? आम्ही सरकतो हं.

वाक्य कुठल्या कुठे गेलं.
तेवढ्यात नदीवरचा वारा नाकात शिरला.
एक शिंक. दुसरी.
तिसरी येते येते म्हणत अडली,
बाबांच्या घराण्यात सगळ्यांचीच अडते तशी.

आईने बाहीतून रुमाल काढला,
हवेत धरला,
माझ्यापासून वीतभर डावीकडे.
"काद्री," ती म्हणाली,
"गोदीत आजही वारा सुटलाय वाटतं."

कुणी काही बोललं नाही.
बाबा बाटली शोधायला खाली वाकले
आणि बाटली सापडल्यावरही वाकलेलेच राहिले.

लहानपणी तिला एकदाही धप्पा देता आला नाही.
मी मागून चवड्यांवर यायचे,
ती बटाटे सोलता सोलता, न वळता म्हणायची,
मोजा ओला आहे तुझा, बदल आधी.

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली,
जागा केली. माझं मनगट धरलं.
बोलायचं ते हॉटेलवर, असं त्रीनचे डोळे म्हणाले.
"आता तू सांग," आई म्हणाली.
"त्रीन पूल फार लवकर संपवते."

मग मी सांगितला.
लोखंडी आहे, दोन मजली.
वरून ट्राम चाललीय, खालून माणसं.
रिव्हेट इतके, की आमच्या गोदीतला फोरमनसुद्धा
मोजायला बसणार नाही.
खालच्या कठड्यावर पोरं उभी आहेत, उघडी, भिजलेली.
पैसे मागतायत. एकाने हात पसरले.
एक पडला.
पडला?
नाही, उडी मारली.
वर आला का?

मी पाण्याकडे बघत राहिले.
अजून नाही.
पकड घट्ट झाली.
थांब, म्हटलं. थांब.
हां. आला.
डोकं झटकतोय.